आश्विनातल्या पुटकुळ्या

आश्विनाचा मला कधीच भरवसा वाटलेला नाही. पाऊस गेला म्हणावं, तर दुपारी एखादी चुकार सर येते आणि अंगणात पसरलेली डाळ भिजवून जाते. थंडी आली म्हणावं, तर उन्हात पाऊल ठेववत नाही. पहाटे आंघोळीच्या पाण्याने अंगावर शहारा येतो आणि दुपारी मासुंदा तळ्याच्या पायऱ्यांवर धुणं धुवायला बसावं, तर शेवटचं लुगडं पिळून होईपर्यंत पहिलं कडकडीत वाळलेलं असतं. आपण पावसाळा की हिवाळा, हे ह्या महिन्याचं त्यालाच कळत नाही, आणि त्याच्या नादाने माझंही डोकं फिरतं. भाजीत मीठ दोनदा पडतं. हाक मारायची एकीला, तर तोंडातून नाव निघतं दुसरीचं. घरातली माणसं हसतात आणि दिवाळी आली की बाई ताळ्यावर येतील म्हणतात.

यंदा त्यात आणखी भर पडली. वेणूच्या तोंडावर पुटकुळ्या आल्या.

वेणू माझी थोरली लेक. बारावं वर्ष सरत आलंय. नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि कपाळावर केसांच्या कडेने लालसर बारीक पुळ्या उठल्यात, काहींना पांढरं तोंड फुटलंय. चेहरा कितीदा धुतला तरी घटकाभरात पुन्हा तेलकट, जणू पोर सकाळपासून तळणीसमोरच बसली आहे. परवा दुपारी मी तिला माजघरात पकडलं. देव्हाऱ्यातलं चकचकीत तबक उभं धरून ती त्यात आपला चेहरा न्याहाळत होती आणि नखाने एक एक पुळी टोकत होती. मी ओरडले, "अगं, नखं लावू नकोस, वण राहतील!" आणि ओरडता ओरडताच माझा हात फडताळातल्या आंबेहळदीकडे गेला. सहाण काढली, पाण्याचे दोन थेंब टाकले आणि उगाळायला बसले. विचार असा काही केलाच नव्हता, हातांना जे ठाऊक होतं ते हात करत होते.

मग वास आला. आंबेहळदीला कोवळ्या कैरीचा वास असतो. सणाच्या उटण्यात तो इतर वासांत मिसळून जातो, पण नुसती उगाळली की थेट नाकात शिरतो. त्या वासासरशी मी पुन्हा कल्याणला, पारनाक्याच्या आमच्या घरी, आईसमोर तोंड वर करून बसलेली होते. काय चाललंय ते काहीएक न कळलेली.

तेव्हा मी वेणूएवढीच होते. माझ्या तोंडावर पुटकुळ्या आल्या त्या नवरात्राच्या आधी. पहिली आली ती हनुवटीवर. डास चावला असेल म्हणून मी खाजवत बसले. चार दिवसांत डासांनी सगळं तोंडच खाल्लं म्हणायची पाळी आली. मला त्यांचं विशेष काही वाटत नव्हतं. गोवरात ह्याहून वाईट दिसले होते. पण आईने ज्या दिवशी उजेडात माझा चेहरा पाहिला, त्या दिवशी तिच्या हातातलं सूप खाली आलं. ती मला घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लोटलं आणि विचारलं, "केव्हापासून?"

"चार-पाच दिवस झाले."

"कुणी पाहिलं?"

आता पुटकुळ्या तोंडावर होत्या. त्या कुणी पाहिल्या नाहीत असं कसं होईल? मी म्हटलं, "सगळ्यांनी." आईने कपाळावर हात मारला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते का आलं ते मला उमगेना. दुखत होतं मला, रडत होती ती.

आज मला ठाऊक आहे, आणि वाचणाऱ्या बायकांना तर सांगायलाच नको. मुलगी उजवायची ती तिला न्हाण यायच्या आत. नंतर राहिली तर बापाला पाप, घराला बट्टा आणि मुलीला उभ्या जन्माचं तोंड लपवणं. आणि तारुण्य आलं की ते आधी चेहऱ्यावर उगवतं, असा सगळ्या आळीचा समज. ठाण्याच्या एका घराकडून माझ्यासाठी विचारणा झाली होती, कोजागिरीनंतर ती मंडळी मला पाहायला यायची होती. त्यांनी माझं हे तोंड पाहिलं तर मुलगी वाढलेली आहे म्हणून आल्या पावली परत जातील, आणि एकदा परत गेली की दुसरं कुणी उंबऱ्याला शिवणार नाही. तेव्हा कोजागिरीपर्यंत पुटकुळ्या जायला हव्या होत्या. आईपुढे एवढा एकच प्रश्न होता. मला मात्र ह्यातलं अक्षर कुणी सांगितलं नाही. मला एवढंच कळलं की माझ्या चेहऱ्याने काहीतरी केलंय, मला न विचारता.

त्या वर्षी मला हादग्याला जाऊ दिलं नाही. संध्याकाळी आळीतल्या मुली पाटावर हत्ती काढून फेर धरायच्या, त्यांच्या पायांचा आवाज आमच्या खिडकीपर्यंत यायचा, आणि आज खिरापतीला काय असेल ते मी वासावरून ओळखत बसायची. "यमूला गोवर आलाय," असं आईने सांगून टाकलं होतं. गोवर मला येऊन गेलेला सगळ्या आळीला ठाऊक, तरी सगळ्यांनी मान डोलावली. मी विहिरीवर गेले की बायकांचं बोलणं मध्येच थांबायचं, रहाटाचा तेवढा आवाज यायचा. कुणी माझ्याकडे पाहायचं, मग एकमेकींकडे, मग आपापल्या घागरीत. मी चोरी केली असती तर निदान काय चोरलं ते मला माहीत तरी असतं.

आणि उपाय तरी किती! एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ.

शेजारच्या गोदूकाकू पहिल्या आल्या. त्यांना आईने सांगितलं नव्हतं, पण गोदूकाकूंना सांगावं कधी लागायचं! त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा इकडेतिकडे फिरवला, बाजारात वांगं पाहावं तसा, आणि म्हणाल्या, "तेल बंद कर हिचं. डोक्याला नाही, पोटात नाही. हरभऱ्याचं पीठ ताकात कालव आणि फास. तेल सगळं ओढून घेईल." तीन दिवस माझ्या तोंडावर पिठल्याची तयारी चालली. चेहरा वाळून ओढला गेला, हसलं की तडतडायचा, आणि पुटकुळ्या होत्या तिथेच. मग आईच्या मनात आलं की कोरडेपणानेच चेहरा पेटला असेल, म्हणून साय आली. सायीने पुन्हा तेल. तेल आलं म्हणून मसुरीची डाळ वाटून आली. डाळीने आग झाली म्हणून कोरफडीचा गर आला. सकाळी जे पुण्य तेच दुपारी पाप. मी आपली तोंड पुढे करून बसायची, आणि खरं सांगते, थोडी मजाही वाटायची. आईचा इतका वेळ मला आधी कधी मिळाला नव्हता.

मीठ घेऊन येणारी मंजुळा डोंबिवलीकडच्या खाडीकाठची. डोक्यावरची पाटी ओसरीवर उतरवून ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली. घरात जे कुजबुजत चाललं होतं ते तिने मोठ्याने विचारलं, "काय जालं गो पोरीचे तोंडाला?"

आई म्हणाली, "उष्णता."

"उष्णता कसली! आमचे पोरी दिसभर आगरान उन्हात र्‍हातान, खारा चिखोल तोंडाला लागतं. एकीला तरी हाय का असा? उद्या आनते मी चिखोल. लाव नि सुकू दे."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी केळीच्या पानात बांधून काळा, ओला, खारट वासाचा चिखल आला. आईने तो लावला. ज्या बाईला सोवळ्यात आमची सावली चालत नसे, तिने मिठागराचा चिखल लेकीच्या तोंडाला आपल्या हाताने लावला. फुटलेल्या पुळ्यांत मीठ गेलं आणि मी अशी किंचाळले की ओटीवरून अण्णा धावत आत आले.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गोष्ट तर आणखीच निराळी. त्यांना काय झालंय ते सांगायची सोय नव्हती. पुरुषांना सांगायच्या गोष्टी निराळ्या, न सांगायच्या निराळ्या. ते वैद्यांकडे गेले. वैद्यांनी लोध्र, धने आणि वेखंड सांगितलं, पोटात घ्यायला उपळसरीचा काढा सांगितला, आणि शेवटी म्हणाले की सगळ्यांत गुणकारी म्हणजे सावरीच्या खोडाचे काटे, दुधात उगाळून. टिटवाळ्याच्या वाटेला सावरीची झाडं होती. अण्णा गणपतीच्या दर्शनाला म्हणून बैलगाडीतून गेले आणि येताना उपरण्याच्या टोकात काटे बांधून आणले. त्यांची बोटं फुटली होती. ती काटेरी पुरचुंडी आईसमोर ठेवून ते गोंधळून उभे राहिले आणि हळूच विचारलं, "अगं, पण हे पोरीच्या तोंडाला लावायचे? काटे?"

आईने सहाण पुढे ओढली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्या घरात काही न कळणारी आम्ही दोघंच होतो, आणि त्या क्षणी मला त्यांचा फार आधार वाटला.

काटे दुधात उगाळले की तांबूस, मऊ लेप होतो. त्याने थंड वाटायचं. काही पुटकुळ्या बसल्याही. आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. मग कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी ठाण्याहून निरोप आला की मंडळी उद्याच निघतात. नेमक्या त्याच रात्री माझ्या गालावर तीन नव्या पुळ्या उठल्या, चांगल्या टपोऱ्या.

आई घाबरली. इतकी शहाणी बाई, पण घाबरलं की माणसाला एक काहीतरी धरवत नाही, सगळंच हवं होतं. तिने जे जे घरात होतं ते एकत्र केलं आणि त्यावर आंबेहळद घातली, आणि आंबेहळद कमी वाटली म्हणून साधी हळद घातली, चांगली मूठभर. तो लेप जाड थापला आणि रात्रभर ठेवला. सकाळी धुतला तर पुटकुळ्यांची लाली खरंच दिसेना. कारण दिसत होतं ते फक्त पिवळं. केसांच्या मुळांपासून मानेपर्यंत मी पिवळीधम्मक झाले होते. शिकेकाईने घासलं, ताकाने घासलं, चिंचेने घासलं. पिवळा रंग ढिम्म हलेना.

मग आईने ते केलं, ज्याचं मला आजही हसू येतं. तोंड पिवळं आणि हात काळेसावळे, हे विचित्र दिसेल, लगेच डोळ्यांत भरेल, असं तिला वाटलं. सगळं एकसारखं दिसलं म्हणजे रंगच असा आहे म्हणतील. म्हणून तिने माझ्या हातांना कोपरापर्यंत हळद लावली. मग पायांना लावली. पावलं, घोटे, पोटऱ्या. लावताना तिच्या लक्षातच आलं नाही की अगदी ह्याच ठिकाणी, अगदी अशीच हळद मुलीला कधी लावतात. मग मला हिरवं परकर-पोलकं नेसवलं, वेणीत शेवंती माळली, आणि मी तयार झाले.

दुपारच्या गाडीने मंडळी आली. मुलाचे वडील, एक काका, आणि सगळ्यांच्या पुढे मुलाच्या मोठ्या आत्याबाई, विधवेचं लाल आलवण नेसलेल्या, डोळे असे की भिंतीपलीकडचं दिसावं. मुलगाही होता. तो ठाण्याला इंग्रजी शाळेत शिकत होता. त्याला का आणलं होतं कोण जाणे. तो ओटीवर माजघराच्या दाराशी, एक हात गालावर टेकवून, खाली मान घालून बसला होता. मला दिसला तो फक्त तो हात.

आत्याबाई माजघरात आल्या. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या पावलांकडे पाहिलं, मग हातांकडे, मग चेहऱ्याकडे, आणि पुन्हा पावलांकडे. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी आईला अगदी शांतपणे विचारलं, "हिला हळद कुणाची लागली?"

आधी कुणालाच काही कळेना. आणि मग आईला कळलं. मी तिच्या चेहऱ्यावरून ते कळताना पाहिलं. आपल्यात हळद आधी मुलाला लागते, आणि त्याची उष्टी हळद मुलीकडे येते. ही हळद कुणाची? कुठल्या घराची? लागल्यावर लग्न का मोडलं? हळद लागून मोडलेली मुलगी म्हणजे अर्धी गेलेली. आत्याबाईंना वाटलं आपल्याला फसवून आणलंय.

आता आईने काय सांगावं? हळद कुणाची नाही, घरचीच आहे, असं सांगावं तर मग लावली कशाला? पुटकुळ्या होत्या म्हणून, असं सांगावं तर जे लपवायला एवढा खटाटोप केला तेच आपल्या तोंडाने सांगायचं. एका बाजूला मोडलेली मुलगी, दुसऱ्या बाजूला वाढलेली. आई उभी राहिली. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. गोदूकाकू, ज्यांच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नव्हतं, त्याही जमिनीकडे पाहायला लागल्या.

मला वाटलं, ह्यांना साधा प्रश्न विचारलाय आणि ह्या सगळ्या उत्तर का देत नाहीत? म्हणून मी दिलं. मी म्हटलं, "कुणाची नाही. पुटकुळ्यांना लावली."

आईने डोळे मिटले. आणि तेवढ्यात दाराशी, ओटीवरून, एक घोगरा, नुकताच फुटलेला आवाज आला, "गेल्या का?"

त्या मुलाने हात गालावरून काढला होता. त्या हाताखाली माझ्याहून दुप्पट पुटकुळ्या होत्या.

मी म्हटलं, "नाही." त्याच्या काकांनी त्याच्या डोक्यात टपली मारली आणि त्याची मान पुन्हा खाली गेली.

आत्याबाईंनी मला हाताला धरून खिडकीशी नेलं. आपल्या पदराचं टोक ओलं करून माझा गाल पुसला, खालच्या पुळ्या पाहिल्या. मग माझ्या डोळ्यांत डोळे घालून, हलक्या आवाजात विचारलं, "तुला कावळा शिवतो का गं?"

आई महिन्यातून काही दिवस बाजूला बसायची तेव्हा तिला कावळा शिवला म्हणायचे, आणि मला ते खरंच वाटायचं. एवढ्या बायकांना कावळा शिवतो म्हणजे कल्याणात कावळे फार, असं मी मनाशी धरून चालले होते. मी आठवून आठवून सांगितलं, "कावळा नाही. पण दुर्गाडी किल्ल्यावर एकदा घारीने हातातला लाडू नेला, तेव्हा तिचा पंख लागला होता."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं त्या रडतायत, आणि मी घाबरून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

दिवाळीत होकार आला. का आला? हे मी इतक्यांना विचारलंय आणि इतकी उत्तरं मिळालीत, की मी विचारणं सोडून दिलं. सासरे म्हणत पत्रिका उत्तम जुळली. आत्याबाई म्हणत, "पोर अगदी पोर होती. खोटं बोलायलाही काही ठाऊक असावं लागतं, हिला तेवढंही ठाऊक नव्हतं." आणि आमचे हे? इकडे विचारलं तर म्हणणं असं, की मी काही बोललोच नाही. फार खोदलं तर म्हणतात, "विचारलं असेन तर हळदीचा गुण येतो का, एवढंच विचारलं असेन. मला लावायची होती. तुझ्यासाठी कोण विचारतंय!" आता ह्यावर हसावं की रुसावं हे मला वीस वर्षांत ठरवता आलेलं नाही.

पुटकुळ्यांचं म्हणाल तर त्या पुढे आपोआप गेल्या. काट्यांनी, चिखलाने, की कशानेच नाही, देव जाणे. गोदूकाकू शेवटपर्यंत हरभऱ्याच्या पिठाला श्रेय देत असत.

पण सगळं असं हसण्यावारी नेण्याजोगं नाही. पुढच्या श्रावणात, ठाण्याला, एका सकाळी मी उठले आणि मला वाटलं की मी मरते आहे. मला कुठेतरी आतून जखम झाली आहे आणि रक्त थांबत नाही, आणि नव्या घरात सांगायचं कुणाला? मी दुपारपर्यंत कोठीच्या खोलीत, धान्याच्या कणगीमागे बसून राहिले आणि आईला हाका मारत राहिले, मनातल्या मनात. आत्याबाईंनी मला शोधून काढलं, बाजूला बसवलं, नवं लुगडं दिलं, गोड केलं. सगळ्या बायका हसत होत्या. माझा काय समज झाला होता ते मात्र कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्याच्या पुढच्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आई उटणं कुटत होती. मी तिच्याशेजारी बसले आणि न राहवून विचारलं, "आई, तू मला आधी का सांगितलं नाहीस?"

तिने हात थांबवला नाही. म्हणाली, "त्या विचारतील, हे मला ठाऊक होतं. आत्याबाई त्यासाठीच आल्या होत्या. तुला ठाऊक असतं, तर तोंडाने नाही म्हटलं असतंस आणि डोळ्यांनी हो. न सांगितलेलंच कामाला आलं ना?"

तिचं खरं होतं. सगळे लेप फुकट गेले आणि एक न सांगणं तेवढं लागू पडलं. मला तिचा राग आला, असा की उटण्याची परात उधळून द्यावी. आणि त्याच घटकेला तिच्या कुशीत शिरावं असंही वाटलं. ह्या दोन्हींतलं खरं कुठलं, ते आई गेली तरी मला कळलेलं नाही. आश्विन आला की दोन्ही पुन्हा येतात.

तर परवा मी सहाणेवर आंबेहळद उगाळत बसले होते आणि वेणू समोर तोंड पुढे करून बसली होती, अगदी मी बसायची तशी. तुळशीच्या लग्नानंतर पनवेलची मंडळी तिला पाहायला यायची आहेत. तिथल्याही कुणी आत्याबाई असतीलच. वेणू पायाच्या अंगठ्याने शेणाचं सारवण खरवडत होती. मग म्हणाली, "आई, मी विहिरीवर गेले की बायका गप्प का होतात गं?"

माझा हात थांबला.

काही नाही गं, असं म्हणता आलं असतं. उष्णता आहे, असं म्हणता आलं असतं. तसं म्हटलं की पोर पनवेलच्या बायकांपुढे स्वच्छ डोळ्यांनी उभी राहील, काहीतरी वेडं बोलेल, त्या हसतील, होकार येईल. आईचा उपाय हाताशी होता, आणि तो अजून कुणाच्या बाबतीत चुकलेला मी ऐकलेला नाही. मग पुढे कधीतरी एका सकाळी ही पनवेलला कुठल्यातरी कणगीमागे बसेल.

मी उठून दार लोटलं आणि तिला सगळं सांगितलं. कावळा बिवळा काही नसतो, हे सांगितलं. काय होतं ते, का होतं ते, जेवढं मला आजवर समजलं तेवढं. दुखतं पण मरत नाही, हे दोनदा सांगितलं. तोंडावरच्या पुळ्या वाढत्या वयात पुष्कळांना येतात, मुलांनाही येतात, त्यात तिची काही चूक नाही. बायका गप्प होतात कारण त्या तिच्या तोंडावर तिचं वय वाचतात, आणि पनवेलच्या बायका काय विचारतील, कशासाठी विचारतील, हेही सांगितलं. बोलताना माझी जीभ अडखळत होती, आणि आपण पोरीचं भलं करतोय की तिच्या वाटेत काटे पेरतोय, हे मला तेव्हाही कळत नव्हतं. आत्ता लिहितानाही कळत नाही.

वेणू रडली नाही, लाजलीही नाही. कठीण गणित समोर आलं की तिच्या भुवया जवळ येतात, तशा आल्या होत्या. मग तिने मान वर केली.

"मग त्यांनी विचारलं, की तुला हे ठाऊक कसं, तर मी काय सांगू?"

मी माझ्या पिवळ्या झालेल्या हातांनी तिचा चेहरा धरला.

"आईनं सांगितलं, असं सांग," मी म्हणाले.